कॅप्शन शोधायचे कुठे?

चित्रपटातला किंवा कार्यक्रमातला आवाज वाचता यावा म्हणून पडद्यावर येणारा मजकूर प्रेक्षकापर्यंत तीन वाटांनी पोहोचतो. पहिल्या वाटेत अक्षरे चित्रातच छापलेली असतात; ती बंद करता येत नाहीत, मोठी करता येत नाहीत, बदलताही येत नाहीत. दुसऱ्या वाटेत अक्षरांची माहिती चित्राच्या प्रवाहात दडवलेली असते आणि ती शोधून पडद्यावर आणण्याचे काम प्लेअरला करावे लागते. मूळ अर्थाने क्लोज्ड कॅप्शन म्हणतात ते यालाच. तिसऱ्या वाटेत मजकूर चित्रपटाशेजारी एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये असतो आणि प्लेअर दोन्ही एकदम चालवतो. संगणकावर कॅप्शन दिसत नसेल तर यांपैकी कोणती वाट अडली आहे हे आधी पाहावे लागते, कारण प्रत्येक वाटेवरचा उपाय निराळा आहे.

मजकूरही दोन हेतूंनी लिहिला जातो. भाषा न कळणाऱ्यासाठी लिहिलेले सबटायटल फक्त बोलणे देते. ऐकू न येणाऱ्यासाठी लिहिलेले कॅप्शन त्यापुढे जाऊन कोण बोलले, दारावर थाप पडली, लांबून हलगी ऐकू आली, हेही सांगते. प्लेअरच्या मेनूत मात्र दोन्ही एकाच नावाखाली येतात, आणि शोधणाऱ्याचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सोलापुरात या मजकुराची गरज असलेले प्रेक्षक दोन प्रकारचे आहेत. जन्मापासून ऐकू न येणारी मुले विशेष शाळांत मराठी शिकतात, पण शहराची वस्ती अशी की त्यांतल्या अनेकांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते. दुसरा प्रेक्षक वयस्क असतो: यंत्रमागाच्या खडखडाटात ज्याचे कामाचे सगळे आयुष्य गेले तो कामगार. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या शेडमधला आवाज वर्षानुवर्षे कानावर आदळत राहिला की आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. आधी उंच पट्टीतले आवाज जातात. म्हणून अशा माणसाला कोणी बोलते आहे हे कळते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ अशी व्यंजने निसटतात आणि वाक्य लागत नाही. गोंगाटाने आलेले बहिरेपण कायद्याने ठरवलेल्या सूचनीय आजारांच्या यादीत आहे. ते सरकारला कळवावे लागते. घरी पडद्यासमोर बसलेल्या माणसाला त्या नोंदीचा उपयोग नाही. त्याला मराठी वाचता येते आणि त्याला अक्षरे हवी आहेत.

पुढील संवाद दोन भूमिकांचा आहे. कर्णबधिर मुलांना शिकवणारी शिक्षिका एका बाजूला आहे. शाळांचे आणि कचेऱ्यांचे संगणक सांभाळणारा, मुक्त सॉफ्टवेअरवर भरवसा असलेला तंत्रज्ञ दुसऱ्या बाजूला. बोलणारी माणसे प्रातिनिधिक आहेत.

शिक्षिका : सर, आधी एवढंच सांगा. शाळेच्या संगणकावर कॅप्शन दाखवणारा, फुकट मिळणारा प्लेअर कोणता?

तंत्रज्ञ : व्हीएलसी घ्या बाई, नाहीतर एमपीव्ही. दोन्ही विंडोजवर चालतात, लिनक्सवरही चालतात. चित्रात दडवलेलं कॅप्शन असो की वेगळी फाइल, दोन्ही प्लेअर दोन्ही दाखवतात.

शिक्षिका : दाखवतात म्हणता, पण आमच्या मुलांना तर काहीच दिसत नाही की.

तंत्रज्ञाने सांगितले ते खरे आहे. व्हीएलसीची सुरुवात १९९६ साली फ्रान्समधील एकोल सांत्राल पारी या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली आणि २००१ साली त्याचा स्रोत जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला झाला. एमपीव्ही हा जुन्या एमप्लेअरच्या शाखेतून निघालेला, दिसायला अगदी साधा प्लेअर. त्याला खिडक्या आणि बटणे हवी असतील तर एसएमप्लेअर, सेल्युलॉइड किंवा हारुना हे त्याच यंत्रणेवर बांधलेले प्लेअर आहेत. हे सगळेच कमीजास्त प्रमाणात एफएफएमपेग या मुक्त संचावर उभे आहेत. त्यामुळे एका प्लेअरमध्ये न उलगडलेले कॅप्शन दुसऱ्यात उलगडेल या आशेने दहा प्लेअर उतरवून बघण्यात सहसा वेळ जातो.

दडवलेले कॅप्शन शोधण्याची रीत सोपी आहे, पण एक गोष्ट माहीत असावी लागते. व्हीएलसीत ‘सबटायटल’ मेनूतील ‘सब ट्रॅक’ उघडला की ‘क्लोज्ड कॅप्शन्स १’ पासून पुढे नोंदी दिसतात. कीबोर्डवरची ‘व्ही’ ही कळ एकामागून एक ट्रॅक फिरवते. एमपीव्हीत हेच काम ‘जे’ करते. मात्र चित्रफितीत कॅप्शन आहे हे प्लेअरला त्याचा पहिला तुकडा हाती लागेपर्यंत कळत नाही. सुरुवातीला कोणी बोलत नसेल तर मेनू रिकामा दिसतो आणि पाहणारा ‘कॅप्शन नाही’ असे ठरवून मोकळा होतो. संवाद सुरू होईपर्यंत फीत चालू द्यावी आणि मग मेनू पुन्हा उघडावा. एमपीव्हीत तर ‘सब-क्रिएट-सीसी-ट्रॅक’ असा पर्यायच आहे. तो चालू केला की कॅप्शनची जागा पहिल्या क्षणापासून राखून ठेवली जाते.

एवढे करूनही मराठी चित्रपटात काही सापडत नाही. त्याचे कारण प्लेअरमध्ये शोधून मिळणार नाही.

शिक्षिका : अमेरिकेत टीव्हीवर एक बटण दाबलं की अक्षरं येतात म्हणे. मग आपल्याकडच्या फितीत ती का नसतात?

तंत्रज्ञ : कारण ती सोय त्यांच्या टीव्हीसाठी, त्यांच्या लिपीसाठी बांधलेली होती बाई.

अमेरिकेत क्लोज्ड कॅप्शनसह नियमित प्रक्षेपण १६ मार्च १९८० रोजी सुरू झाले. १९९० साली तिथे कायदा झाला आणि जुलै १९९३ पासून १३ इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्हीत कॅप्शन उलगडणारी चिप असणे सक्तीचे झाले. अक्षरे चित्राच्या एकविसाव्या रेषेत, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात, दर फ्रेममागे दोन बाइट अशा हिशेबाने पाठवली जात. एका ओळीत ३२ अक्षरे मावत. या पद्धतीला पुढे सीईए-६०८ हे नाव मिळाले. तिच्या अक्षरसंचात रोमन अक्षरे आणि काही युरोपीय भाषांची चिन्हे आहेत. देवनागरीला जागाच नाही. डिजिटल काळासाठी आलेली सीईए-७०८ ही पद्धत अधिक ऐसपैस आहे, व्हीएलसीनेही ती ३.० या आवृत्तीत आत्मसात केली, पण व्यवहारात तीही मराठीपर्यंत पोहोचली नाही. भारताने टीव्हीसाठी अमेरिकी पद्धत कधी घेतलीच नाही. आपल्याकडे आधी पाल आणि मग डीव्हीबी. डीव्हीबीत कॅप्शन अक्षरांच्या चित्रांच्या रूपाने पाठवता येते, म्हणून कोणतीही लिपी चालते, आणि व्हीएलसी व एमपीव्ही दोघेही ती चित्रे दाखवतात. पण मराठी वाहिन्या ती पाठवतील तेव्हाचा हा प्रश्न. व्हीसीडीच्या जुन्या जमान्यात तर, ज्या चकत्यांवर घरोघर मराठी चित्रपट पाहिले गेले, त्या व्हीसीडी पद्धतीत वेगळ्या सबटायटल ट्रॅकची सोयच नव्हती.

तेव्हा मराठी प्रेक्षकाने ‘क्लोज्ड कॅप्शन चालते का’ असे विचारले तर प्लेअर खरेपणाने ‘होय’ म्हणतो आणि त्या होकाराचा त्याला काही उपयोग होत नाही. विचारायला हवेत ते दोन वेगळे प्रश्न: शेजारची फाइल प्लेअर नीट वाचतो का, आणि देवनागरी नीट मांडतो का?

शेजारची फाइल बहुधा एसआरटी प्रकारची असते. ती साध्या मजकुराची असून तिची रचना पाच मिनिटांत कळते. आधी नोंदीचा क्रमांक, खाली सुरुवातीची आणि शेवटची वेळ, त्याखाली एक-दोन ओळी मजकूर आणि मग एक रिकामी ओळ. मजकूर मराठीत लिहिला तरी वेळेचे आकडे इंग्रजी अंकांतच द्यावे लागतात. ते देवनागरीत टाकले तर प्लेअरला वेळ वाचता येत नाही आणि पडदा कोरा राहतो. फाइलला चित्रपटाचेच नाव देऊन ती त्याच फोल्डरमध्ये ठेवली की दोन्ही प्लेअर तिला आपोआप उचलतात. अक्षरे आवाजाच्या मागेपुढे होत असतील तर व्हीएलसीत ‘जी’ आणि ‘एच’, एमपीव्हीत ‘झेड’ या कळीने ती सरकवता येतात.

शिक्षिका : फाइल केली होती आम्ही. बाहेरून टाइप करून आणली, तर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. दुसऱ्यांदा आणली तर इंग्रजी अक्षरांचा खिचडा.

तंत्रज्ञ : टाइप करणाऱ्यानं जुना फाँट वापरला असणार. छपाईच्या दुकानांत अजून चालतात ते. युनिकोडमध्ये टाइप करायला सांगा, आणि साठवताना यूटीएफ-८ निवडायला सांगा की.

या दोन बिघाडांची कारणे वेगवेगळी आहेत. युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटांत फाइलच्या आत रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. तो विशिष्ट फाँट लावला तरच ते देवनागरी दिसतात. प्लेअर तो फाँट लावत नाही, म्हणून खिचडा. प्रश्नचिन्हांचे प्रकरण अधिक वाईट. नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ पर्याय निवडून मराठी मजकूर साठवला तर मूळ अक्षरे पुसली जाऊन त्यांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हे लिहिली जातात, आणि ती अक्षरे कोणत्याही प्लेअरला परत आणता येत नाहीत.

तिसरा बिघाड सूक्ष्म आहे. अक्षरे दिसतात, पण मोडकी: ‘किल्ला’मधली वेलांटी ‘क’च्या मागे पडते, ‘गर्दी’चा रफार सुटून हलन्त ‘र’ उभा राहतो, ‘वाऱ्यावर’मध्ये मधेच एक ठिपक्यांचे वर्तुळ येते, ‘ॲ’च्या जागी चौकोन दिसतो. देवनागरीत अक्षरे साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एक नसतो. मधली जुळणी करण्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो. मुक्त जगात हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. एमपीव्ही ज्या लिबॅसच्या आधारे सबटायटल रंगवतो तीत हार्फबझ आहे. व्हीएलसीत फेब्रुवारी २०१८च्या ३.० या आवृत्तीपासून ही जुळणी भरवशाची झाली. शाळांच्या संगणक-खोल्यांत त्याआधीची आवृत्ती वर्षानुवर्षे तशीच पडून असते. ती बदलणे आणि नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहितसारखा पूर्ण फाँट बसवणे एवढ्याने मोडकी अक्षरे सांधली जातात. मराठी कॅप्शनसाठी प्लेअर निवडताना या कसोटीइतकी महत्त्वाची कसोटी दुसरी नाही.

सोलापूरच्या दृष्टीने शेजारच्या फाइलचा आणखी एक मोठा गुण आहे. एकाच चित्रपटाशेजारी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार फाइली ठेवता येतात. चित्रपटाच्या नावानंतर भाषेची दोन रोमन अक्षरे जोडली की प्लेअर त्या वेगवेगळ्या ओळखतो. उर्दूची उजवीकडून डावीकडे जाणारी ओळही हे प्लेअर सांभाळतात. एमपीव्ही तर दोन भाषा एकदम दाखवू शकतो, एक खाली आणि एक वर. शाळेत मराठी शिकलेली मुलगी आणि तेलुगूच वाचणारी तिची आजी यांना एका पडद्यासमोर बसवण्याची ही सोय पैसे देऊनही सहजी मिळत नाही.

इथपर्यंत तंत्रज्ञाची बाजू सरस आहे. यापुढे शिक्षिकेचे आक्षेप सुरू होतात, आणि ते टाळण्यासारखे नाहीत.

शिक्षिका : प्लेअर चांगला आहे, पटलं. पण त्या चार फाइली लिहायच्या कुणी? शाळेनं? चित्रपट काढणाऱ्यानं कमवायचं आणि आमच्या बाईंनी रात्री बसून अक्षरं भरायची?

तंत्रज्ञ : निर्माता करेपर्यंत थांबलं तर मुलं मोठी होतील ओ बाई. साधन हातात आहे.

शिक्षिका : साधन हातात आहे म्हणून जबाबदारी आमच्यावर येत नाही. कायदा काय म्हणतो ते बघा की.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६च्या कलम ४२नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमे ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषेतील निवेदन आणि क्लोज्ड कॅप्शन यांसह उपलब्ध व्हावीत यासाठी उपाय करणे शासनाचे कर्तव्य आहे. दूरचित्रवाणीसाठीची मानके माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९मध्ये जाहीर केली, चित्रपटगृहांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२४मध्ये. जानेवारी २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’ या चित्रपटाच्या निर्मात्यांना ओटीटी प्रदर्शनासाठी हिंदी कॅप्शन आणि ध्वनिवर्णन तयार करण्याचे आदेश दिले. कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न कायद्याने उघडा ठेवलेला नाही.

शिक्षिकेचा दुसरा मुद्दा तंत्रज्ञाच्या आवडत्या शब्दालाच भिडतो. प्लेअर मुक्त असला तरी तो उघडू शकतो ती फक्त हातात असलेली फीत. ओटीटीवरचे चित्रपट कुलूपबंद स्वरूपात येतात. व्हीएलसी किंवा एमपीव्ही त्यांना हात लावू शकत नाहीत, आणि शाळेने लिहिलेली फाइल तिथे जोडता येत नाही. तिथे कॅप्शन कंपनीने दिले तरच मिळते. स्वतः प्लेअर मिळवणेही नेहमी सरळ राहिले नाही: २०२२मध्ये अनेक महिने, व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ भारतात बंद होते. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने कायदेशीर नोटीस गेल्यानंतर नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा खुले झाले. त्या काळात नवा संगणक घेणाऱ्याला अधिकृत ठिकाणाहून तो उतरवता येत नव्हता.

तिसरा आक्षेप वाचण्याचा आहे, आणि या विषयातला सर्वांत खोल प्रश्न तोच आहे.

शिक्षिका : सर, ऐकू येणारं मूल शाळेत यायच्या आधी हजारो शब्द ऐकून येतं. आमच्या मुलाला मराठीचा पहिला शब्द बऱ्याचदा वर्गातच भेटतो. त्याची पहिली भाषा हाताची. पडद्यावर दोन ओळी दोन सेकंदांत येऊन जातात. तेवढ्यात ते पहिलाच शब्द ओळखत असतं.

तंत्रज्ञ : पण पडद्यावरच्या अक्षरांनी वाचन सुधारतं हे सिद्ध झालंय ना? टीव्हीवरच्या चित्रहारमधल्या गाण्यांखाली ओळी द्यायचे.

शिक्षिका : ते ऐकू येणाऱ्या मुलांचं. गाणं कानावर पडतं, ओळ डोळ्यांपुढून जाते, जोडी जुळते. आमच्याकडे जोडीतलं एकच येतं.

गाण्यांखाली त्याच भाषेतली ओळ देण्याची कल्पना ब्रिज कोठारी यांनी १९९६च्या सुमारास अहमदाबादच्या आयआयएममधून पुढे आणली, आणि ज्यांचे वाचन कच्चे आहे अशा ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांना तिचा खरोखर फायदा झाला. पण शिक्षिकेने दाखवलेला फरक मूलभूत आहे. ध्वनी आणि अक्षर एकाच क्षणी मिळण्यावर ती पद्धत उभी आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला त्यातून तेवढाच लाभ होईल असे मानता येत नाही. त्याच्यासाठी सांकेतिक भाषा आधी. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ साली स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, आणि त्याच्या शब्दकोशात २०२१पर्यंत दहा हजार शब्द जमा झाले. अमेरिकेत शालेय चित्रफितींच्या कॅप्शनची गतीही लहान मुलांसाठी मुद्दाम कमी, मिनिटाला १३० शब्दांच्या आसपास, ठेवतात. यंत्रमागावरच्या वयस्क कामगाराला मात्र या कशाचीही गरज नाही. त्याची भाषा पक्की आहे, कानच तेवढा गेला आहे. एकाच कॅप्शनमध्ये दोघांची सोय होत नाही, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

इथे प्लेअरचा एक साधा गुण अनपेक्षितपणे कामाला येतो. दोन्ही प्लेअरमध्ये चौकटी कंसाच्या कळीने फीत थोडी संथ करता येते. ऐकणाऱ्याला संथ केलेला आवाज खुपतो. ज्याला ऐकूच येत नाही त्याचे काहीच बिघडत नाही, आणि ओळ तेवढी जास्त वेळ पडद्यावर राहते. एमपीव्हीत ‘कंट्रोल’सह डावा बाण दाबला की फीत मागच्या ओळीच्या आरंभी जाते. शिक्षिकेने थांबवावे, हाताने समजवावे, तीच ओळ पुन्हा दाखवावी, असे वर्गाचे काम त्याने सोपे होते.

तंत्रज्ञ : मग मुलांसाठी सोप्या प्रमाण मराठीत लिहू. ‘सैराट’सारख्या चित्रपटातली बोली तशीच लिहिली तर त्यांना कशी कळेल?

शिक्षिका : उलट आहे. मुलं ओठ वाचतात. ओठ करमाळ्याची बोली बोलतात आणि खाली पुस्तकी वाक्य आलं तर मूल म्हणतं, दोन्हीतलं खरं कुठलं?

हा मुद्दा तंत्रज्ञाला सुचणे कठीण होते. दिग्दर्शक नागराज मंजुळे मूळचे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे; २०१६च्या ‘सैराट’मधली माणसे त्याच भागाची भाषा बोलतात. ओठ वाचणाऱ्या मुलाला आणि उरलेल्या कानाने अर्धे ऐकणाऱ्या कामगाराला, दोघांनाही जसे बोलले तसेच लिहिलेले हवे असते. सोपी आवृत्ती हवीच असेल तर ती वेगळी फाइल म्हणून करावी, मूळ बदलू नये. याच चित्रपटाचा शेवट कॅप्शन लिहिणाऱ्याची खरी परीक्षा घेतो. लहान मूल रडत बाहेर येते तेव्हा ध्वनिपट्टी मुकी होते. दिग्दर्शकाने आवाज काढून घेतला आहे. ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाला तो धक्का बसतो. ऐकू न येणाऱ्याला, तिथे ‘सगळा आवाज थांबतो’ असे लिहिल्याशिवाय, काही घडले हेच कळत नाही. भाषांतरासाठी केलेल्या सबटायटलला अशा नोंदीची गरज वाटत नाही. कॅप्शनला ती टाळता येत नाही.

लिहिण्याचे कष्ट यंत्राने वाचतील काय? ओपनएआयने सप्टेंबर २०२२मध्ये खुले केलेले व्हिस्पर हे बोलणे अक्षरांत उतरवते, मराठीही ओळखते. चेन्नईच्या आयआयटीतील एआय-फोर-भारत गटाने भारतीय भाषांसाठी खुली प्रारूपे तयार केली आहेत. जानेवारी २०२५मध्ये व्हिडिओलॅनने इंटरनेटशिवाय, संगणकावरच आपोआप सबटायटल करणाऱ्या व्हीएलसीचे प्रात्यक्षिक दाखवले.

तंत्रज्ञ : पाचदहा चुका राहतील. पण कोऱ्या पडद्यापेक्षा बरं ना?

शिक्षिका : तुम्हाला चूक कळते, कारण तुम्ही ऐकता. ‘येणार’चं ‘येणार नाही’ झालं तर आमच्या मुलाला ते कोण सांगणार? त्याच्यासाठी जे लिहिलंय तेच घडलं.

या युक्तिवादाला तांत्रिक उत्तर नाही. यंत्राने पहिला मसुदा करावा, वेळा जुळवाव्यात. आणि ऐकू येणाऱ्या माणसाने आवाजासह, ओळन् ओळ तपासल्याशिवाय तो मुलांपुढे ठेवू नये. सबटायटल एडिट किंवा एजीसब या मुक्त साधनांत आवाजाची लाट आणि मजकूर शेजारी दिसतात, त्यामुळे ही तपासणी होण्यासारखी आहे. काही ठिकाणी तर हे काम आधीच झालेले आहे: मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातील संगणक-पाठांच्या संहिता वेळांसह उपलब्ध आहेत, मराठीतल्याही. कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या संगणक-तासाला सुरुवात करण्यासाठी ती सर्वांत योग्य जागा आहे.

शिक्षिका : बरं, शाळेनं एखादा चित्रपट घ्यायचाच म्हटलं तर कायद्याची अडचण?

तंत्रज्ञ : आपल्या कोटणीस डॉक्टरांचाच घ्या की. जुना आहे.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. त्यांच्या जीवनावरचा व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६चा. भारतात चित्रपटावरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे या चित्रपटावरचा २००६अखेर संपला. त्यामागचे लेखन मात्र ख्वाजा अहमद अब्बास यांचे. ते १९८७ साली वारले आणि लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. संवाद शब्दशः उतरवताना त्या हक्काचा प्रश्न येतो. त्याला उत्तर कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ५२(१)(झेडबी)मध्ये आहे: दिव्यांग व्यक्तींना आस्वाद घेता यावा म्हणून कोणत्याही कृतीची सुगम आवृत्ती, नफा न घेता, वैयक्तिक, शैक्षणिक किंवा संशोधनाच्या वापरासाठी करता येते. चित्रपट हिंदी असल्याने दोन फाइली लागतील: ओठांशी जुळणारी हिंदी आणि अर्थासाठी मराठी.

शिक्षिका : करू. पण निर्मात्यांनी करायला हवं हे आम्ही लिहीत राहणार.

तंत्रज्ञ : लिहाच बाई. फाइल पूर्ण झाली की आधी मोठ्या मुलांपैकी कुणाला तरी दाखवा, आवाज बंद ठेवून. जिथं ती अडतात तिथं खूण करायला सांगा.

कलमातली अट फाइल वाटतानाही लागू होते. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेने केलेली सुगम आवृत्ती त्यांच्याचपुरती राहील आणि बाजारात जाणार नाही याची काळजी त्या संस्थेने घ्यायची आहे. खर्चापुरते पैसे घेता येतात, त्याहून जास्त नाही. सोलापूरच्या शाळेने केलेली मराठी फाइल पंढरपूरच्या किंवा लातूरच्या कर्णबधिर शाळेला या चौकटीत देता येते. सोबत चित्रपट पाठवण्याचीही गरज नसते: छोटीशी एसआरटी फाइल, ती कोणत्या आवृत्तीच्या फितीवर बेतली आहे याची नोंद आणि तपासणाऱ्याचे नाव एवढे पुरते. फितीची आवृत्ती वेगळी निघाली आणि सगळी अक्षरे सारख्याच अंतराने पुढेमागे झाली, तर ते अंतर प्लेअरच्या कळीने भरून काढता येते. मधले प्रसंगच कापलेले असतील तर मात्र वेळा नव्याने बसवाव्या लागतात.